इंदूरमधला कोरियन कप्पा: डब्यांआधी गाजरं घ्या

विजयनगर, पलासिया भागातल्या बऱ्याच मोठ्या किराणा दुकानांत आता कोरियन मालासाठी वेगळा कप्पा असतो. लाल-काळ्या पाकिटांतल्या नूडल्स, चौकोनी लाल डबे, समुद्री शेवाळाचे चकचकीत पुडे आणि शेजारच्या फ्रीजमध्ये किमचीच्या, म्हणजे मीठ-मिरची लावून आंबवलेल्या कोबीच्या, एक-दोन बरण्या. ऑनलाइन मागवायचं म्हटलं तर यादी आणखी लांबते. दुकान कुठलंही असलं तरी माल थोड्याफार फरकाने तोच, म्हणून हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं न करता सबंध कप्प्याचं केलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. कप्प्यातल्या दोन-तीन वस्तू पैसे वसूल करणाऱ्या आहेत, काही बिनदिक्कत टाळाव्यात, आणि इंदूरच्या स्वयंपाकघरात सगळ्यांत चांगला जमणारा कोरियन पदार्थ या कप्प्यात मिळतच नाही. त्याचं सामान चोइथराम मंडीत गाजरांच्या ढिगात आणि घरच्या धन्यांच्या डब्यात आहे.

असं का, हे कळायला थोडे आकडे बघावे लागतात. दक्षिण कोरियाची लोकसंख्या सुमारे ५ कोटी १७ लाख. देशाबाहेर राहणाऱ्या कोरियन वंशाच्या लोकांची गणती तिथलं सरकार दर दोन वर्षांनी जाहीर करतं. २०२३ साली जाहीर झालेला आकडा होता ७० लाख ८१ हजार, आणि ही माणसं १८१ देशांत विखुरलेली. अमेरिकेत २६ लाख, चीनमध्ये २१ लाख, जपानमध्ये ८ लाख. त्यांच्या मागे कॅनडा, सुमारे अडीच लाख. मग व्हिएतनाम आणि उझबेकिस्तान, दोन्हीकडे पावणेदोन लाखांच्या आसपास. व्हिएतनाममधली वस्ती नवी आहे, सॅमसंगसारख्या कंपन्यांच्या कारखान्यांमागून गेलेली. उझबेकिस्तानातली वस्ती मात्र १९३७ पासूनची.

या ७० लाखांपैकी दक्षिण कोरियाचे नागरिक फक्त पंचवीस लाखांच्या आत-बाहेर. बाकीचे सेहेचाळीस लाख ज्या त्या देशाचे नागरिक, कित्येक तर तिसऱ्या-चौथ्या पिढीतले. कोरियात पहिल्या इन्स्टंट नूडल्स बाजारात आल्या १९६३ मध्ये. यातल्या पुष्कळांचे आजे-पणजे त्याच्या कितीतरी आधी देश सोडून गेलेले. त्यांच्यापाशी ना पाकिटं होती, ना डबे. हाताशी होतं तेवढ्यावर त्यांनी आपलं जेवण उभं केलं. होळकरांच्या वेळेपासून माळव्यात राहिलेल्या मराठी घरांत पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला आला, ते याच रीतीने. म्हणून इंदूरकराने कोरियन जेवण शिकायचं तर सोलच्या कारखान्यापेक्षा ताश्कंदच्या बाजाराकडून शिकणं जास्त सोयीचं, असं आमचं ठाम मत आहे.

आता कप्पा.

नूडल्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रश्श्याच्या नूडल्सना ५५० मि.ली. पाणी आणि साडेचार मिनिटं लागतात. आपण भारतीय नूडल्सच्या सवयीने दीड-दोन कप पाणी घालतो, आणि मग रस्सा खारट झाला म्हणून पाकिटाला नावं ठेवतो. बुलडाक या झणझणीत, बिनरश्श्याच्या प्रकारात मात्र नूडल्स ५ मिनिटं उकळून पाणी काढून टाकायचं, तळाशी आठ चमचे तेवढं ठेवायचं आणि सॉस घालून अर्धा मिनिट परतायचं. सगळं पाणी काढलं तर सॉस पातेल्याला चिकटून करपतो, जास्त ठेवलं तर नूडल्सवर बसत नाही. शाकाहारी घरांनी चित्रावर जाऊ नये. एकाच नावाच्या दोन पाकिटांत एकावर हिरवं टिंब असतं आणि दुसऱ्यावर तपकिरी त्रिकोण. रश्श्याच्या अनेक पाकिटांत १,७०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २,००० ची आहे, म्हणून मसाल्याची पुडी दोन-तृतीयांशच घालावी. चवीत काही उणं राहत नाही. इथल्याच कंपन्यांच्या ‘कोरियन चवीच्या’ नूडल्स गोड-तिखट असतात, पण त्यांत आंबवलेल्या सोयाबीनचा खोलपणा नसतो. त्या वगळल्या तरी चालतील.

खरे पैसे लावावेत ते गोचुजांगवर. लाल मिरची, तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, मीठ आणि मोड आणलेल्या जवाचं माल्ट यांची ही घट्ट चटणी. डबा उचलताना पहिल्यांदा रंग बघा. लाल डबा गोचुजांगचा, तपकिरी डबा नुसत्या सोयाबीनच्या डोएनजांगचा आणि हिरवा डबा दोन्ही मिसळून केलेल्या साम्जांगचा. बहुतेक कंपन्या हेच रंग वापरतात. दुकानातल्या मुलाला हा फरक ठाऊक असेलच असं नाही. हिरवा डबा लाल समजून आणला की रस्सा लाल होत नाही, लसूण-तिळाची चव मात्र वर येते.

डब्यावर तिखटाची पाच पायऱ्यांची पट्टी असते. इंदूरच्या जिभेला तिसरी पायरी पुरते. चौथी-पाचवी घेतली तर तिखटापायी चटणी कमी घातली जाते, आणि चटणी कमी म्हणजे आंबवल्याची चवही कमी. घटकांच्या यादीत तीन गोष्टी तपासा. एक, गहू, पुष्कळ डब्यांत असतो, गहू न चालणाऱ्यांनी जपावं. दोन, मद्यार्क, डबा फुगू नये म्हणून थोडा घातलेला असतो, ज्यांच्या घरी वर्ज्य आहे त्यांनी तो नसलेला डबा शोधावा. तीन, सुरुवातीचा घटक. पहिलं नाव कॉर्न सिरपचं असेल तर चटणी जास्त गोड आणि शिजवताना लवकर करपणारी. पहिलं नाव तांदळाचं असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी तोच डबा घ्या.

तारीख वाचताना गल्लत होते. कोरियन माणूस आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहितो. २६.०३.११ हे ११ मार्च २०२६ आहे. आपल्या सवयीने वाचलं तर २६ मार्च २०११ होतं आणि ग्राहक दुकानदाराशी भांडायला उभा राहतो. आयातदाराचं नाव-पत्ता असलेली पट्टी डब्यावर असायलाच हवी. ती मूळ तारखेवर चिकटवून तारीख झाकली असेल तर दुसरा डबा मागा.

डबा उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि इंदूरच्या मे महिन्यात तर त्याला पर्यायच नाही. वरचा थर काळसर पडला तर घाबरू नका, हवेने होतं ते. खालची चटणी लाल असते. पांढरा, कोरडा, पातळ पापुद्रा आला तर तो बोटभर खोलीपर्यंत काढून बाकीची शिजवून वापरता येते. केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळा डबा टाकून द्यावा. ओला चमचा घालणं हे बुरशीचं सर्वांत नेहमीचं कारण. चटणीचा वरचा भाग सपाट करून त्यावर बटर पेपर चिकटवून ठेवला तर डबा बराच काळ चांगला राहतो.

किमचीसाठी लागणारी जाडसर मिरची, गोचुगारू, महाग पडते. निमाडातल्या बेड्याच्या बाजारातली मिरची रंगाला चांगली, पण तिखट. तिच्या बिया काढून, एक भाग ती आणि दोन भाग ब्याडगी जाडसर कुटली तर काम भागतं. दळलेली बारीक पूड चालत नाही. ती पाणी सुटलं की गाळासारखी खाली बसते, पानाला चिकटून राहत नाही.

शेवाळाचे कागद, म्हणजे गिम, घ्यायला हरकत नाही, पण पावसाळ्यात नको. पुडा फोडल्यावर तासाभरात मऊ पडतात. मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद फिरवले की पुन्हा कुरकुरीत होतात, मात्र तेल लावलेल्या छोट्या पुड्यातले कागद जुने असले तर त्यांना खवट वास येतो आणि त्यावर इलाज नाही. तांदळाच्या कांड्या, तोक, निर्वात पाकिटात येतात. शिजवण्याआधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवाव्यात, नाहीतर बाहेरून फुटतात आणि आतून कच्च्या राहतात.

कप्प्याच्या बाहेर, अगदी गल्लीतल्या किराण्याच्या काउंटरवर, एक कोरियन वस्तू वर्षानुवर्षं विकली जाते आहे आणि तिच्याकडे त्या नजरेने कुणी बघत नाही. लॉटेची चोको पाय. लॉटेचे संस्थापक शिन ग्योक-हो हे कोरियातल्या उल्सानकडचे. ते जपानला गेले, आणि ही कंपनी त्यांनी १९४८ मध्ये काढली ती टोकियोत, च्युइंगगम विकण्यासाठी. कोरियात ती पोचली १९६७ मध्ये, आणि भारतात २००४ मध्ये, चेन्नईची पॅरीज कन्फेक्शनरी विकत घेऊन. नोंगशिम, म्हणजे शिन राम्यन नूडल्सवाली कंपनी, ही त्यांच्या धाकट्या भावाची. १९४५ साली जपानमध्ये वीस लाखांच्या आसपास कोरियन होते. युद्ध संपल्यावर बहुतेक परतले, सहा लाखांच्या घरात मागे राहिले. त्या मागे राहिलेल्यांतल्या एकाच्या कंपनीचं नाव आज माळव्यातल्या खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचलेलं आहे. परदेशातल्या कोरियनांचा पसारा केवढा, हे समजावून सांगायला याहून जवळचं उदाहरण सापडणार नाही.

किमचीची बरणी? हिवाळ्यात घ्या, उन्हाळ्यात नको. किमची जिवंत असते. सुरुवातीला थंडाव्यात वाढणारे जिवाणू तिला हलकी आंबट आणि किंचित फसफसती चव देतात. उष्णता मिळाली की दुसरे, जास्त आंबटपणा करणारे पुढे सरकतात आणि पानं मऊ पडतात. गोदामापासून दुकानापर्यंत मे महिन्यात बरणी किती वेळ बाहेर राहिली, हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही. झाकण फुगलेलं असेल तर बरणी विषारी झाली असं नव्हे, वायू साठलाय इतकंच, पण आतली किमची चांगलीच आंबलेली असणार. ती नुसती खाण्याऐवजी फोडणीच्या भातात किंवा सोया पनीरच्या रश्श्यात घालावी. शाकाहारींनी यादीत मासळीचा अर्क किंवा कोलंबी आहे का, ते बघितल्याशिवाय बरणी उचलूच नये. बहुतेकींत असते.

घरी करायची तर महागड्या चायनीज कोबीच्या मागे लागू नका. १९६३ पासून पश्चिम जर्मनीत सुमारे ८ हजार कोरियन खाणकामगार गेले, १९६६ पासून १० हजारांहून जास्त नर्स गेल्या. त्यांनी तिथल्या पांढऱ्या गड्ड्याच्या कोबीचीच किमची घातली. आपला पत्ताकोबी तोच. एक किलो कोबीचे दोन इंची चौकोन, ३० ग्रॅम जाडं मीठ, दीड ते दोन तास. एकदा धुऊन अर्धा तास निथळायचा. चमचाभर तांदळाच्या पिठाची १५० मि.ली. पाण्यात पातळ लापशी शिजवून गार करायची, त्यात ३० ग्रॅम जाडसर मिरची, २५ ग्रॅम लसूण, थोडं आलं, मासळीच्या जागी एक मोठा चमचा सोया सॉस. चोळून बरणीत दाबायचं, वर एक-चतुर्थांश जागा रिकामी ठेवायची. जानेवारीत दीड-दोन दिवस बाहेर, मे महिन्यात आठ-दहा तासच, मग फ्रीज.

आता गाजरं. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा पदार्थ हाच.

रशियाच्या अतिपूर्वेकडच्या भागात १८६० च्या दशकापासून कोरियन शेतकरी वस्ती करून होते. २१ ऑगस्ट १९३७ रोजी सोव्हिएत सरकारने त्यांना तिथून हलवण्याचा हुकूम काढला. त्या शरद ऋतूत सुमारे १ लाख ७२ हजार माणसं मालगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन सोडली गेली. कझाकस्तानातल्या उश्तोबेजवळ उतरवलेल्यांनी पहिला हिवाळा जमिनीत खड्डे खणून काढला. पुढे याच लोकांनी त्या कोरड्या प्रदेशात भाताची शेती वाढवली. ताश्कंदजवळच्या ‘ध्रुवतारा’ नावाच्या सामूहिक शेतीचे अध्यक्ष किम प्योंग-ह्वा यांना सोव्हिएत संघाचा ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब दोनदा मिळाला. तिथे किमचीचा कोबी सहज मिळत नव्हता. गाजरं ढिगाने होती, बाजारात धने होते, तेल होतं. त्यातून जे तयार झालं ते मोर्कोव्चा, म्हणजे गाजराच्या काड्यांची तिखट-आंबट कोशिंबीर. आज ताश्कंद, अल्माटी, मॉस्को, कुठल्याही बाजारात ते किलोवर विकलं जातं. खुद्द दक्षिण कोरियात मात्र ते मुख्यतः अन्सान किंवा ग्वांगजूमधल्या अशा वस्त्यांत भेटतं, जिथे या लोकांचे वंशज परत येऊन राहिले आहेत.

आणि याचं सामान इंदुरात आपल्या दारात आहे. धने गुना-कुंभराजचे. तेल सोयाबीनचं, ज्याची राष्ट्रीय संशोधन संस्थाच इंदुरात आहे. गाजरं डिसेंबर ते फेब्रुवारीत स्वस्त आणि रसाळ. मार्चनंतरच्या गाजरांचा गाभा लाकडासारखा होतो, तो काढून टाकावा लागतो.

प्रमाण एक किलो सोललेल्या गाजरांचं. मीठ १५ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, व्हिनेगर ६० मि.ली., लसूण ८ मोठ्या पाकळ्या, धने दोन चहाचे चमचे, जाडसर कुटलेली मिरची तीन चमचे, तेल १०० मि.ली., एक मध्यम कांदा. तिकडच्या जुन्या कृतींत व्हिनेगर याच्या निम्मं लिहिलेलं असतं, कारण तिकडची बाटली ९ टक्क्यांची आणि आपली साधारण ४ टक्क्यांची. आपल्याकडची देशी लाल गाजरं गोड असतात, त्यांना साखर निम्मीच घाला.

कापण्यातच निम्मी लढाई आहे. साध्या किसणीवर किसलं तर लगदा होतो, पाणी सुटतं आणि सबंध पदार्थ हलव्याच्या तयारीसारखा दिसू लागतो. दोन मिलिमीटर जाडीच्या, बोटाएवढ्या लांब काड्या हव्यात. काड्या काढणारं सोलणं बाजारात सहज मिळतं. तेही नसेल तर मोठ्या भोकांच्या किसणीवर गाजर आडवं, लांबीच्या दिशेने धरून एकाच बाजूला ओढावं, पुढे-मागे करू नये.

काड्यांना मीठ, साखर, व्हिनेगर लावून हाताने दोन-तीन मिनिटं चोळायचं. वाकवल्यावर काडी तुटली नाही म्हणजे झालं. अर्धा तास ठेवून सुटलेलं पाणी ओतून द्यायचं. लाल गाजरांना पाऊण तास ठेवून मुठीने हलकं पिळावं. धने कोरडे, वास सुटेपर्यंतच भाजून खलबत्त्यात फक्त दुभंगायचे. मिक्सरची पूड केली तर गाजरं मळकट दिसतात आणि दाताखाली धना येत नाही, जो या पदार्थाचा प्राण आहे. मिरची आणि धने गाजरांच्या मधोमध ढीग करून ठेवायचे, शेजारी ठेचलेला लसूण.

तेलात कांद्याच्या चकत्या गडद तपकिरी होईपर्यंत तळून काढून घ्यायच्या. कांदा यात घालायचा नसतो, त्याची चव तेलात उतरली की त्याचं काम संपलं. आच बंद करून एक मिनिट थांबा. एक धना तेलात टाका. तो भराभर बुडबुडे काढून तरंगला पण काळा पडला नाही तर तेल बरोबर तापलं आहे. ते आधी मिरची-धन्यांवर ओतायचं, मग लसणावर, मग सगळं कालवायचं. धूर निघणारं तेल ओतलं तर मिरची जळते आणि येणारा कडूपणा पुढे कशानेही जात नाही. कोमट तेल ओतलं तर मिरची कच्ची राहते आणि लसणाचा उग्र वास दुसऱ्या दिवशी डोकं वर काढतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

झाकून फ्रीजमध्ये निदान पाच-सहा तास ठेवावं. लगेच चाखलं तर व्हिनेगर टोचतं, आणि त्यावर उपाय म्हणून साखर वाढवण्याचा मोह आवरावा. इंदुरातल्या जैन घरांत गाजर-लसूण दोन्ही चालत नाहीत. तिथे कच्च्या पपईच्या काड्या आणि तेलात हिंग, हा बदल चांगला लागतो. पपईला मीठ तासभर लावून ठेवावं लागतं, एवढाच फरक. सोव्हिएत कोरियन हीच फोडणी काकडी, बीट आणि सोया दुधाच्या वाळवलेल्या सायीलाही देतात, त्यामुळे हा बदल त्यांच्याच रीतीतला आहे.

चीनच्या यान्ब्यान भागातल्या कोरियनांकडूनही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. २०२० च्या जनगणनेनुसार चीनमध्ये कोरियन वंशाचे १७ लाख नागरिक होते, दहा वर्षांपूर्वी ते १८ लाखांच्या वर होते. पुष्कळ जण कामासाठी सोलला गेले आणि जाताना सळईवर भाजलेलं, जिरं-मिरची लावलेलं मेंढीचं मांस घेऊन गेले. शाकाहारी घरी त्याच मसाल्यात सोया पनीर भाजावं. आपल्याकडचं सोया पनीर घट्ट असतं, ते सळईवर तुटत नाही. आधी मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून, पुसून, तेल लावून भाजायचं. जिरं अर्धं अख्खं, अर्धं कुटलेलं, त्यात मिरची, तीळ आणि मीठ. हा मसाला तुकडे भाजून होत आल्यावर, शेवटच्या मिनिटालाच लावायचा. आधी लावला तर तीळ आणि मिरची निखाऱ्यावर जळून पडतात आणि तुकडे फिके राहतात.